मोटार आपोआप जळाली

आई, तू गेलीस तेव्हा मी घाटंजीच्या आपल्या दुकानातच बसत होते, त्यामुळे पुढचं तुला काही ठाऊक नाही. आता मी यवतमाळात असते, संगणकाचे प्रोग्राम लिहिते, आणि रविवारी सकाळी चहा घेऊन झाला की तासभर नवशिक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते. इंटरनेटवर शिकणाऱ्यांचा एक मराठी समूह आहे. कुणाचा प्रोग्राम अडला की तो तिथे लिहितो, आणि माझ्यासारखे चार जुने लोक बघतात. हे काम मला आवडतं. पण महिन्याभरापूर्वी मी एक चूक केली, आणि ती करताना हसत होते.

एका बाईंनी लिहिलं होतं की, मी काहीच बदललं नाही, काल चालणारा प्रोग्राम आज आपोआप बंद पडला. असं रोज कुणीतरी लिहितं. मी उत्तर दिलं, ‘आपोआप फक्त केस पांढरे होतात. काय बदललं ते सांगा.’ पाच-सात जणांनी खाली हसरे चेहरे टाकले. दुपारी पाहिलं, तर बाईंनी प्रश्नच काढून टाकला होता. जेवताना आठवलं, हे मी आधी एकदा केलेलं होतं, तुझ्यासमोर.

कापसाची ती वाईट वर्षं. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून मोटारी भरायचं काम, म्हणजे जळक्या तारा काढून नव्या गुंडाळायचं वायंडिंग, तूच करायचीस. मी नुकताच कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आले होते आणि गल्ल्यामागे बसून सगळ्यांपेक्षा शहाणी होते. एक जण सायकलच्या कॅरियरला पोत्यात बांधून विहिरीवरची मोटार घेऊन आला. हातही लावला नाही, परवा आपोआप जळाली, असं म्हणाला. तू झाकण काढून आत पाहिलंस. दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या होत्या, तिसरीच्या तारा लख्ख. म्हणजे तीन फेजची मोटार याने दोन फेजवर चालवली, हे मलाही कळलं होतं. मी म्हणाले, “मोटारीनं काय सोताच काडी लावून घेतली?” बाकावर बसलेले दोघं हसले. त्या माणसाने झाकण पोत्यात टाकलं, मोटार उचलली आणि निघून गेला.

तू माझ्यावर ओरडली नाहीस. वार्निशचे हात पदराला पुसत एवढंच म्हणालीस, “तो खोटं नाही बोलून राह्यला. लाजून राह्यला.” आणि त्याच्या मागे निघालीस. बाजाराचा दिवस होता. मी चार पावलं मागून येतेय. तो चहाच्या टपरीवर बसलाय, सायकल भिंतीला टेकलेली. तू शेजारी बसतेस, चहा सांगतेस, विहिरीला पाणी किती आहे ते विचारतेस, बोंडं धरली का ते विचारतेस. मोटारीचं नावही काढत नाहीस. मी सारखी मागे वळून बघतेय, कारण दुकान उघडं टाकून आलोय. अर्धा कप झाल्यावर तू म्हणतेस, “भाऊ, परवा सकाळी उठल्यापासून सांगा. काय काय केलं, सारं.”

मग त्याने सांगितलं. सकाळी लाइन आली ती दोनच फेजची. आठवड्यापासून तसंच चाललं होतं आणि कापूस माना टाकत होता. शेजारच्याने तिसऱ्या फेजच्या जागी कंडेन्सर लावून दिला, मोटार फिरली. दुपारी धूर निघाला.

“मले माहीत होतं वहिनी, लावू नये म्हनून,” तो म्हणाला.

“लावला तं लावला. तिघायचं ओझं दोघायनं उचललं, जळनारच ना. आना मोटार.”

परत येताना मी विचारलं की, तुला कॉइल पाहूनच कळलं होतं, मग त्याच्याकडून काहून वदवून घेतलंस. तू म्हणालीस, मी सांगितलं असतं तर त्याने हो म्हणून मान हलवली असती आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं असतं.

मी समूहातल्या त्या बाईंना शोधून वेगळा निरोप लिहिला. आधी माफी मागितली, मग त्या काय करतात ते विचारलं. केळापूरकडे एका शाळेच्या कार्यालयात आहेत, चाळिशी उलटलेली, मुलांच्या हजेरीचा प्रोग्राम स्वतः करून बघत होत्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी शिकणं सोडून दिलं होतं, पुस्तक कपाटात ठेवलं होतं. मी लिहिलं, चूक शोधू नका, बसल्यापासून काय काय केलं तेवढं क्रमाने सांगा. त्यांनी लिहायला घेतलं आणि आठव्या ओळीला स्वतःच थांबल्या. न समजलेल्या तीन ओळी त्यांनी ‘नकोशा वाटल्या’ म्हणून पुसल्या होत्या, आणि ते सांगायची लाज वाटत होती. त्या ओळी परत घातल्या, प्रोग्राम चालला. मी शोधण्याआधी त्यांनाच सापडलं. परवा त्या समूहात एका नवख्याला उत्तर देताना दिसल्या. उत्तर थोडं चुकलेलं होतं, पण विचारण्याची पद्धत बरोबर होती. मी मध्ये पडले नाही.

तर सगळं बरं चाललंय. तुझ्यापर्यंत टपाल पोचत नाही, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाहीच. फक्त एक राहिलं. त्या बाईंनी समूहात सगळ्यांसमोर विचारलं की, असं विचारायला तुम्ही कुठे शिकलात. मी ‘माझी आई मोटारी भरायची’ एवढं लिहिलं, मग ते पुसलं आणि ‘अनुभवातून’ असं लिहिलं. तिथे मोठमोठ्या कंपन्यांतले लोक वाचतात, म्हणून. ते उत्तर अजूनही दुरुस्त करता येतं. मी रोज उघडून बघते, पण अजून केलेलं नाही.