कात्रीची चमकी

४ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

दिवा पोचला. काच शाबूत आहे. तू तिला अकरा टॉवेलांत गुंडाळलंस, तेव्हा दुकानात आता गिऱ्हाइकांची तोंडं कशानं पुसतोस, हा प्रश्न आहे. फोनवर तू माझ्याशी बोलतोस की खुर्चीतल्या माणसाशी ते मला कधीच कळत नाही, म्हणून लिहून पाठवते.

एकतीस तारखेला बाबा कात्री खाली ठेवणार. त्या दिवशी आरशाशेजारी हा दिवा पुन्हा लागायला हवा, हे तुझं म्हणणं मला पटलं. बावन्न वर्षं त्यांनी त्या दुकानात उभं राहून काढली. खालचा बल्ब तापला की काचेतल्या द्रावणात चमकी वर चढायची, गार होऊन खाली यायची, आणि ती बघता बघता मुलं मान हलवायची विसरायची. मी आजवर असे तीस दिवे मिळवून चालू केले. हा एकतिसावा, आणि त्या तिसांचं मूळ.

आता निदान. कुणीतरी दीडशहाण्यानं हा पूर्वी उघडला आहे. झाकण मेणानं चिकटवलं आहे. आतली चमकी मूळची नाही. कसल्यातरी बेगडाचे तुकडे आहेत, एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं विटलेले सोनेरी. एकालाही धड आकार नाही. शिवाय तीन केस. खिडक्या उघडून, हातमोजे घालून सगळं द्रावण काढलं. फार उग्र असतं ते. कारखान्यातली षटकोनी चमकी मागवली आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल.

पोटाचा घेर आटोक्यात ठेव, आणि लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवलास तर टॉवेल पाठवशील.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. दुकानातच, मोठ्यानं, शेजारचा शिंपी खुर्चीत असताना. ‘दीडशहाणा’वर मी चांगला जोर दिला. बाबा हसले नाहीत. धार असलेल्या वस्तऱ्याला त्यांनी पुन्हा धार लावली आणि डबा न उघडता घरी गेले.

शिंपी अर्ध्या दाढीनिशी बसून होता. त्यानं सांगितलं की तो दीडशहाणा आत्ताच दारातून बाहेर पडला.

तू रांगत होतीस तेव्हा आतली चमकी काळी पडून गोळा झाली होती म्हणे. दिवा बंद, त्यामुळे मुलं खुर्चीत बसायला तयार होईनात. बाबांनी शांत बसणाऱ्याला चॉकलेट द्यायला सुरुवात केली, आणि वरचा सोनेरी कागद ते परत मागून घ्यायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मिशीच्या कात्रीनं ते कागद बारीक कापत बसायचे. तीन महिने. शिंप्याला वाटलं, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणजे ताई, आपण जन्मभर जी बघितली ती बाबांचीच चमकी.

संध्याकाळी घरी गेलो. म्हणाले, ताईचं बरोबर असेल, तिला त्यातलं कळतं. एकतीसला ते येणार नाहीत. कुलूप मीच लावावं, असंही म्हणाले.

ते तुकडे मोरीत ओतले नाहीस ना? आजवर तुझ्यापुढे कधी हात जोडले नाहीत, आज जोडतो. उत्तर लगेच दे. लोभाचं नंतर बघू.

तुझा
छोट्या


१४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुकडे आहेत. एकही गेलेला नाही.

गिऱ्हाईक उठून आरशात बघेपर्यंत खाली पडलेले केस झाडायचे नाहीत, हा तुमचा नियम. जास्त कापले असं कुणी म्हणालं तर किती पडले ते दाखवता यायला हवं. मी दिव्यांना तोच नियम लावते. दिवा चालायला लागेपर्यंत आतून निघालेलं काही टाकत नाही. तुमचे तुकडे बरणीत होते. बरणीवर मी ‘कचरा’ असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी काढली.

मग ते भिंगाखाली घेतले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. खसखशीहून मोठा एकही नाही. दोन नळ्या शेजारी ठेवून तापवल्या. कारखान्याची चमकी कवायत केल्यासारखी वर गेली आणि तशीच खाली आली. तुमच्यातला प्रत्येक तुकडा आपापल्या परीनं कूस बदलत होता. चिमूटभर मोजून अंदाज काढला. नऊ हजार भरतात.

एकतीस दिवे बाळगणाऱ्या बाईला आपल्या घरचा दिवा ओळखता आला नाही. हे मी आमच्या दिवेवाल्या मंडळात उभी राहून सांगितलं. तिथल्या सगळ्यात जुन्या जाणकारांनी तुमचा एक तुकडा भिंगाखाली धरला. भिंग पुसून तो पुन्हा बघितला. मग त्यांनी कात्री कुठली ते विचारलं. मिशीची, असं मी सांगितलं, आणि हे माझ्या वडिलांनी कापलं आहे असं सांगितलं. हे दुसरं वाक्य मी दोनदा म्हणाले.

दिवा पाठवते आहे. चमकी तुमची, द्रावण माझं. बल्ब जुन्या जातीचा, चाळीसचा. छोट्याला त्यात नवा पांढरा बल्ब लावू देऊ नका. उजेड पडेल, पण चमकी हलणार नाही. तिला ऊब लागते. एकतीसला प्रयोगशाळेत माझी पाळी आहे, बदलून मिळाली नाही. म्हणून तुम्ही दुकानात हवे. तुम्ही नसाल तर माझं काम तपासणार कोण?

चुकले ते पदरात घ्या, आणि लोभ होता तसा राहू द्या.

ताई


२ एप्रिल

चि. ताईस,
अ. उ. आ.

एकतीसला दुकानात गेलो. गेलो नसतो तर छोट्यानं पांढरा बल्ब लावलाच असता. हातात घेऊन उभा होता.

दिवा लावला. अर्धा तास काही झालं नाही. शिंपी म्हणाला, गेला. त्याला सांगितलं की माझ्या मुलीनं केला आहे, गप्प बस. मग एक तुकडा वर गेला. मग सगळे.

शेवटचं गिऱ्हाईक म्हणून छोट्याला बसवलं. पन्नाशीला आला, पण दिव्याकडे बघत राहिला, मान हलली नाही. चॉकलेट मागितलं. दिलं. कागद ठेवून घेतला, तो या पत्रात घातला आहे.

तीन केसांचं तू लिहिलं होतंस. कात्री एकच होती. पुसून घेत होतो, तरी गेले असतील. ती चूक माझी. दीडशहाणा म्हणालीस त्याचं काही वाटलं नाही. आकार नाही म्हणालीस, त्याचं वाटलं होतं. आता नाही.

काच चांगली धुतलीस. द्रावणात कुठे डाग नाही. मला इतकं स्वच्छ जमलं नव्हतं. हे शिंप्यालाही सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा सांगितलं.

छोट्या उठला. आरशात पुढून मागून बघितलं. ठीक आहे म्हणाला. मी केस झाडले नाहीत. दिवा बंद केला. चमकी बसायला वेळ घेते. शेवटचा तुकडा खाली टेकेपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. मग झाडू घेतला.

लोभ आहे. तो विचारून घ्यायचा नसतो.

बाबा