आप्पा विरोधात बसायचे

रविवार, सांगली

आमच्या केबलवरच्या कुस्ती-चर्चेला पंधरा वर्षं झाली म्हणून आज तिचा इतिहास दाखवला. त्यात मी फक्त टेबलावर मूठ आपटताना. मुलींना तालमीत घ्या म्हणून एवढं बोललो, ते कुठं गेलं? मूठ मात्र तीनदा!

निर्माता म्हणाला, "सर, लोक तेवढंच बघतात."

चिडून वडूजला आप्पा पैलवानांना फोन केला. चर्चेत माझ्याविरुद्ध कायम तेच असायचे.

"आवं मास्तर, तुमचं मला कवाच पटलं व्हतं. नात तालमीत जाती की माझी."

"मग कार्यक्रमात कधी बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? मला विरोधात बसवलं व्हतं न्हवं!"

आता चिडू तरी कुणावर?