तिला चालेल ती लेन्स

अण्णा, आज मी उल्हासनगरच्या त्याच कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन आले. म्हातारे शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो, पण काउंटर तोच आहे. त्या काचेवर तुम्ही कोपर टेकवून उभे राहायचात ती जागा मला बरोबर आठवत होती. मी मुद्दाम तिथेच कोपर टेकवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या जागेवर उभं राहताना मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात प्रेमाचा भाग फार थोडा होता.

त्या दिवशी आपण तिघं आलो होतो. तुम्ही, मी आणि माझा धाकटा भाऊ. अंबरनाथ पश्चिमेचा आपला स्टुडिओ तेव्हा जोरात होता. एकाच मुहूर्ताला दोन-दोन लग्नांच्या ऑर्डरी यायच्या, म्हणून लांबचं टिपणाऱ्या झूम लेन्सही दोन हव्या होत्या, मांडवाच्या टोकाला उभं राहून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी दिसेल अशा. शेठनी काउंटरवर दोन्ही तऱ्हा मांडल्या. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, पांढरीशुभ्र, पाहताक्षणी गिऱ्हाइकावर छाप पाडणारी. दुसरी त्याच कॅमेऱ्यावर बसणारी, पण दुसऱ्या कंपनीने केलेली, काळी. तुम्ही तिला डुप्लिकेट म्हणायचात. ती डुप्लिकेट नव्हती, फक्त तिच्यावर मोठं नाव नव्हतं. शेठ म्हणाले, "साहब, दोनों बच्चों को सेम टू सेम दे दो, घर में खिटखिट नहीं." आणि तुम्ही हसत म्हणालात, "नाही हो शेठ, ओरिजिनल पोराला द्या. बेबीला ती दुसरी चालेल. लग्नापर्यंत तर वापरायचीय तिला."

मी तिथेच उभी होते, अण्णा. तो पतंग उडवत होता तेव्हापासून मी तुमच्या हाताखाली पासपोर्ट फोटो काढत होते, उजेड कुठून घ्यायचा ते तुमच्याकडे बघून शिकले होते. तो अजून नवरदेवांची मुंडकी अर्धी कापत होता. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही, रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी पांढरी त्याला आणि काळी मला. येताना रिक्षात तो ती मांडीवर घेऊन बसला होता, आणि तुम्ही दर खड्ड्याला त्याला म्हणत होतात, "सांभाळ रे." मला एकदाही म्हणाला नाहीत.

मग खंडेनवमी आली. तुम्ही पाट मांडलात, त्यावर कॅमेरे, फ्लॅश आणि मधोमध ती पांढरी उभी केलीत. तिला हळदकुंकू लावलंत, अक्षता टाकल्यात, झेंडूचं फूल ठेवलंत. मी माझी काळी पुसून आणली तर म्हणालात, "ती राहू दे पिशवीत, जागा नाही." पाट मीच पुसला होता. जागा होती. पुढे दर वर्षी ती पूजेला बसायची आणि माझी पिशवीत राहायची. मीही पुन्हा कधी विचारलं नाही, पण दर वर्षी मनात म्हणायचे, थांबा.

विठ्ठलवाडीच्या त्या लग्नाचं तर तुम्ही वर गेल्यावरही उत्तर द्यायला हवं. हॉलमध्ये उजेड कमी, माझी लेन्स फोकस शोधत घुरघुर करत मागे-पुढे होत राहिली, आणि अंतरपाट दूर झाला तो क्षण जरा हलला. पांढरी लेन्स त्या वेळी कुठे होती? आइस्क्रीमच्या टेबलाशी, तुमच्या लाडक्याच्या गळ्यात. मुलीच्या वडिलांनी अल्बम बघताना विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "हे बेबीने काढलेत. तिचं असंच असतं." लेन्स तुम्ही निवडलीत आणि हात माझा वाईट ठरला. त्या रात्री मी जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं. तुम्ही एकदाही का म्हणून विचारलं नाही.

आता माझं ऐका. लग्नापर्यंत म्हणाला होतात ना? लग्न झालं, बदलापूरला खरवईत संसार झाला, मुलगी कॉलेजात गेली, तरी ती काळी चालली. शाळांचे क्रीडादिन, कबड्डीचे सामने, सगळं तिच्यावर काढलं. कुठला खेळाडू कुठल्या कुशीवर वळणार हे आधी ओळखायला मी शिकले, कारण माझी लेन्स हळू होती. आणि तुमच्या मुलाने स्टुडिओ विकला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हे लिहिताना मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

मागच्या महिन्यात तो बदलापूरला माझ्या घरी आला. पिशवीत पांढरी होती, पेटीसकट. "ताई, कपाटात पडून आहे. तुझी जुनी झाली ना, ही तू वापर. अण्णांना बरं वाटेल." मी उजेडाकडे धरून आत बघितलं. आतल्या काचांवर बुरशीची जाळी पसरली होती. झूमचं कडं फिरवलं तर करकर वाजलं. फटीत लाल-पिवळं भरलं होतं, तुमचं हळदकुंकू, अण्णा. दर वर्षी भक्तिभावाने लावलेलं, कोणी न पुसलेलं. वर पावसाळेच्या पावसाळे पेटीत कोंडलेली. पूजा करून करून मारलीत तुम्ही तिला. माझी मात्र वापरात होती म्हणून जगली. भाऊ म्हणाला, "दुरुस्त होईल का गं?" मी ती परत त्याच्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "नको. तुलाच चालेल."

हे वाक्य मी किती वर्षं जपून ठेवलं होतं. त्याला काही कळलं नाही. तो चहा पिऊन गेला. ज्यांना कळलं असतं ते तुम्ही भिंतीवर हार घालून बसलेले.

माझी काळी मात्र आता खरंच थकली आहे, कडं सैल झालंय, म्हणून आज दुकानात गेले. जाताना ठरवलं होतं, स्वतःच्या कमाईची पांढरी घ्यायची, कोरी, आणि घरी येऊन तुमच्या फोटोसमोर ठेवायची. बघा म्हणायचं. शेठच्या मुलाने दोन्ही काढून दिल्या. मी दाराशी उभी राहून रस्त्यापलीकडच्या वायरीवरून उडणारी कबुतरं टिपली, आधी एकीने, मग दुसरीने. तो म्हणाला, "ताई, आजकल दूसरी कंपनीवाली भी सॉलिड है. पण सच बोलू? उडत्या पक्ष्यावर ओरिजिनल थोडी फास्ट आहे. आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की दुसरी कधी कधी अडते, हिला ते टेन्शन नाही." खरं होतं. मलाही ते दिसलं होतं. कबड्डीत तेवढ्या फरकावर पकड हुकते. अक्कल पांढरी घे म्हणत होती.

मी काळी घेतली. रागाने घेतली, हे स्वच्छ सांगते. पांढरी घेतली असती तर तुमचंच खरं ठरलं असतं, की चांगली ती, आणि इतकी वर्षं मला दिली ती कमी. हुकलेल्या पकडींचं काय ते मी बघून घेईन. येत्या खंडेनवमीला तुमच्या फोटोसमोर पाट मांडून ही काळी एकटी मधोमध ठेवणार आहे. हळदकुंकू लावणार नाही. नुसती पुसून ठेवीन.

आणि त्या फोटोचंही ऐकून ठेवा. तुम्ही गेलात तेव्हा भाऊ तसबिरीसाठी फोटो शोधत होता. पांढऱ्या लेन्सने त्याने तुमचा एकही काढलेला नव्हता. शेवटी मी दिला, मामेबहिणीच्या लग्नात हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून काढलेला. भिंतीवरचा तुमचा चेहरा, ज्याला सगळे हात जोडतात, तो तुम्ही "तिला चालेल" म्हणालात त्याच लेन्समधून आलेला आहे. येणारा-जाणारा म्हणतो, किती कडक दिसतायत. तेवढं मला पुरतं.

एवढंच लिहायचं होतं. ही पानं जुन्या लेन्सच्या डब्यात ठेवते, तिच्याखाली. तिथे आधीच एक फोटो आहे. त्याच लग्नातला, भिंतीवरच्या फोटोनंतर लगेच काढलेला. तुम्हाला मी लांबून दिसले असेन. तुम्ही थेट माझ्या लेन्सकडे बघून हसताय, आणि फोकस बरोबर डोळ्यांवर आहे. तो मी भावाला दिला नाही. आईलाही दाखवला नाही. भिंतीवर तो लावला असता तर रोज त्याच्यासमोर उभं राहून मला तुमच्यावर चिडता आलं नसतं.