तोरण असलेलं दार

नासजवळून, आयर्लंड, जानेवारी २०२१

ती. शकुंतलामावशीस,

सिद्धांतचा साष्टांग नमस्कार. (अंगावर दोन स्वेटर आणि वर गिरीशदादाचं जॅकेट आहे, त्यामुळे उभ्यानेच.) तुझे गुडघे कसे आहेत? काका अजून मास्क हनुवटीला लावूनच भाजी आणतात का?

आपला लेक आयर्लंडात डॉक्टर, म्हणजे घरातले सगळे उबेत असणार, असं तुला वाटत असेल. घराचा फ्रिज झालाय, मावशी. दादाने घर गरम करणारा तेलाचा बॉयलर भंगारात देऊन हीट पंप घेतला. आपल्या एसीचा बाहेरचा डबा असतो ना, तसाच, फक्त उलटा चालतो. आणि इथल्या कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियम असा की डबा घराच्या मागे लावला तर परवानगी नको, पुढे लावला तर हवी. (समोर रस्ता, पलीकडे मेंढ्या. हरकत कोण घेणार होतं कोण जाणे. पण घेतली कुणीतरी.)

आता पुढे म्हणजे कुठे? दिवाळीत तू पाठवलेलं तोरण हातात धरून वहिनीने व्हिडिओ कॉलवर हेच विचारलं, तेव्हा तूच म्हणालीस, माणसं ज्या दाराने येतात ते पुढचं. इथे खेड्यात सगळे स्वयंपाकघराच्या दाराने येतात. रस्त्याकडचं दार नुसतं शोभेचं, रंगाने चिकटून बसलेलं. म्हणून तोरण स्वयंपाकघराला. पंपवाला डेक्लन आला तेव्हा दादा कोविड वॉर्डात, शुभदावहिनी मीटिंगमध्ये. उरलो मी. (क्लोनडॉकिनच्या गोदामातलं काम लॉकडाऊनमध्ये गेलं. इंग्रजीचा क्लास त्याआधीच सोडला होता, पण तो मास्तरही काही धड नव्हता. असो.)

"पुढे की मागे?" डेक्लनने विचारलं.

"मागे. तोरण नाही तिकडे."

"ग्रँड," म्हणाला आणि लागला कामाला. इथे ग्रँड म्हणजे तुझं तू बघ.

मग कौन्सिलचा माणूस आला. डब्याचे फोटो काढले, तोरण पाहून ख्रिसमसचं उतरवायचं राहिलं का, असं विचारलं, आणि डबा हलवा नाहीतर रीतसर परवानगी मागा म्हणून गेला. दादाने घाबरून दुसऱ्याच दिवशी डबा काढायला लावला. मागे बसवायच्या आतच डेक्लन क्वारंटाइनमध्ये. आता घरात बोललं तरी तोंडातून वाफ येते. तरी बोललं जातंच. दादा ड्युटीवरून आला, बूटही न काढता म्हणाला, "रस्ता जिकडे तिकडे पुढे, गाढवा. रविवारपर्यंत दुसरीकडे बघ."

कोविडात दुसरीकडे म्हणजे कुठे, तेवढं मात्र त्याने सांगितलं नाही. तिकडे रस्ता कुठल्या बाजूला, तेही नाही.

तुझा,
सिद्धांत

ता. क. तुझं तो ऐकतो. "पुढचं दार कुठलं ते मीच, तुझ्या आईने, ठरवलं," असं एकदा त्याला फोनवर सांग ना. खोटंही नाही.

ता. ता. क. राहू दे फोन. रस्त्याकडचं दार आज उघडलं. दादाने खांदा लावला, रंगाचे पोपडे पडले. माझी बॅग पायरीवर आहे. मी स्वयंपाकघरातून निघत होतो, पण वहिनी म्हणाली, तोरणाखालून कुणाला असं घालवू नये.