चॅनेल रिकामं आहे

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. पुढे लोक विचारतील, साहेब, हे सुचलं कसं? तेव्हा हाताशी पुरावा हवा.
अग्निशमन दलाचं रेडिओ चॅनेल बराच वेळ नुसतं पडून असतं. माझा डिटेक्टर त्यावर कान देऊन बसतो. शांतता असली की त्याच चॅनेलवरून आमच्या कंपनीच्या पाणीमीटरचे आकडे पाठवतो; कुणी बोललं की गप्प. मशीनला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, असं बायको म्हणाली. कौतुकानेच म्हणाली असणार.

७ फेब्रुवारी
डिटेक्टर भित्रा निघाला. जरा खरखर झाली की गप्प. आकडे तुंबले. मशीन आणलंय की मौनीबाबा, असं बॉसने विचारलं. मग थ्रेशोल्ड, म्हणजे दखल घ्यायची किमान पातळी, वाढवला. आता त्याहून बारीक आवाज तो कचरा समजतो. आकडे धो धो वाहताहेत!
शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, तळघरातून बोलणाऱ्याचा सिग्नलही बारीकच येतो, तिथे जाऊन टेस्ट घ्या. काहींना दुसऱ्याचं यश बघवत नाही. तरी घेणार. सोमवारी, नक्की.

१० फेब्रुवारी, सोमवार
तळघरात ओल. मला सर्दी. पुढच्या सोमवारी.

१९ फेब्रुवारी
मेहुणा जेवायला आला होता. अग्निशमन दलातच आहे. म्हणाला, दाजी, हल्ली वॉकीटॉकीवर टिकटिक येते आणि पलीकडचा माणूस तुटतो. बॅटरी बदल म्हटलं. नवीनच आहे म्हणाला. मग चार्जर बदल म्हटलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. घास उतरेना. पित्त झालं असावं.

२२ फेब्रुवारी
आकडे पाठवण्याआधी डिटेक्टर जितका वेळ ऐकतो, तो निम्मा केला. एफिशियन्सी! बॉस खूष.
घरी घड्याळाची टिकटिक सहन होईना, सेल काढून ठेवला. उद्या रविवार असला तरी टेस्ट. उद्या म्हणजे उद्याच.

२३ फेब्रुवारी
दुपारी गोदामाला आग. मेहुणा तळघरात अडकला. आतून वॉकीटॉकीवर हाका मारत होता म्हणे. बाहेरच्यांना फक्त टिकटिक ऐकू आली. उशिरा सापडला, बेशुद्ध.
ऑफिसात धावलो. स्क्रीनवर दुपारभर एकच ओळ: चॅनेल रिकामं आहे. मशीन बंद केलं. भीती वाटते.

२५ फेब्रुवारी
हॉस्पिटल. शुद्धीवर आलाय. धुराने आवाज गेलाय, पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो.
त्याचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. बायकोने कान त्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, तो विचारतोय, दाजी जेवले का?
जेवलो, म्हटलं. बाकीचं उद्या सांगेन.