सासूबाईंच्या नावावरचा कॉर्ड

३ जून, सोमवार
ठरलं. सासऱ्यांना जाऊन जुलैमध्ये वर्ष होतंय. गावी आठवणीचा कार्यक्रम आहे, सगळं गोत जमणार. तिथे सासऱ्यांचं गाणं, सासऱ्यांच्याच गिटारवर, मी म्हणणार. काल जेवताना जाहीरच करून टाकलं. मेहुणा ओगुतू हसला. हसू दे. त्याला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही.

गाणं त्यांनी सासूबाईंवर केलेलं. कडव्याच्या शेवटी ते वर चढतं आणि तिथे सासूबाईंचं नाव येतं. (नाव इथे लिहीत नाही. जावयाने सासूचं नाव घ्यायचं नसतं.) त्यांनी फोनवर स्वतःच परवानगी दिली. म्हणाल्या, जावईबापू, गाण्यातलं चालतं, ते तुम्ही नाही घेत, ते 'हे' घेतात. वर्ष झालं हो ऐकून.

नावावर एकच अवघड कॉर्ड आहे. एफ. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून ठेवायचं आणि बाकीची बोटं आपापल्या जागी. बॅरे कॉर्ड म्हणतात. मी गाडी शिकवतो, किसुमू शहरातले निम्मे मटाटू (म्हणजे प्रवासी मिनीबस) ड्रायव्हर माझ्या हाताखालून गेलेत, मला एक बोट आडवं करणं काय जड आहे? पंधरा दिवस पुष्कळ झाले.

६ जून
सराव. बाकीचं गाणं येतं. म्हणजे ओळखू येतं. एफला मात्र 'फट्ट' असा आवाज येतो, फळीवर चापट मारल्यासारखा. तारा जुन्या आहेत.

९ जून, रविवार
तारा नव्या. फट्ट तेच. जोर कमी पडत असणार. उद्यापासून जोर दुप्पट.

११ जून
मनगट दुखतंय. चांगली खूण आहे, हात तयार होतोय.

१४ जून
मनगट फारच तयार होतंय. चहाचा कप डाव्या हाताने उचलवेना. आपोंडीने पाहिलं. बायको असली तरी ती गिटारवाल्याची मुलगी आहे, लगेच सुरू झाली. म्हणाली, बाबा गिटार छातीशी धरायचे, तू पोटाखाली लोंबकळत ठेवतोस, मग मनगट मुडपणार नाही तर काय होईल? अंगठा मागे मधोमध ठेव, मनगट सरळ ठेव, आणि आवळू नकोस, हाताच्या वजनाने दाब.

तिला समजावलं की छातीशी धरलेली गिटार म्हातारी दिसते. स्टेजवर उभं राहायचं म्हणजे थोडी ऐट लागते. ती म्हणाली, स्टेज? आंब्याखाली चार बाकडी असतात. वाद वाढवला नाही.

१८ जून
विश्रांती. (मनगट.)

१९ जून
विश्रांती.

२१ जून
आज पेरेसबाईंचा ड्रायव्हिंगचा धडा. कापडाची दुकानदारीण, पन्नाशीची, गाडी शिकायची हौस. बाई स्टिअरिंग असं आवळतात की जणू कोणी पळवून नेणार आहे. मी ओरडलो, सैल सोडा, आवळून गाडी वळत नाही, दुखतं फक्त! बाईंनी माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे बघून विचारलं, सर, तुम्ही काय आवळता?

गाडी चालवणं आणि गिटार वाजवणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

२ जुलै
सरावाला खंड पडला होता, पण मनातल्या मनात रोज वाजवत होतो. मनातला एफ फार सुंदर येतो.

८ जुलै
सासूबाईंचा फोन. म्हणे, कार्यक्रमासाठी नवा ड्रेस शिवायला टाकलाय, निळा, ह्यांना आवडायचा तसा. सराव कसा चाललाय? म्हटलं, आई, अगदी फर्स्ट क्लास. फोन ठेवल्यावर वाजवून बघितलं. फट्ट.

 फोनमुळे लक्ष उडालं असेल.

१६ जुलै
आपोंडीने विचारलं, वाजवून दाखव. म्हटलं, तिथेच ऐक, मजा जाईल.  ती म्हणाली, अजून वेळ आहे, आईला सांगून टाक, ती रागावणार नाही. सांगण्यासारखं काही नाहीच!

२० जुलै, शनिवार
सुचलं! सुचलंच! आमच्याकडे गाणं ऐन रंगात आलं की कोणीही हात वर करतो, गाणं थांबवतो आणि उठून आपली आणि आपल्या दोस्तांची तारीफ करतो. मग गाणं पुढे. हक्कच आहे तो, वादकाने थांबलंच पाहिजे. आणि थांबलं की मनगटाला आराम!

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या ओचोलाला पटवलं. मी भुवई उडवली की त्याने हात वर करायचा. एकदा एफच्या आधी थांबलो, मनगट झटकलं, ताजं झालं, की पुढच्या वेळी एफ खणखणीत. ओचोला म्हणाला, गुरू, स्वतःची तारीफ करायला मला भुवई कशाला लागते?

२७ जुलै, शनिवार
गावी. दुपारी चारची वेळ. चांगला जमाव. सासूबाई पुढच्या खुर्चीत, निळा ड्रेस.

सुरुवात छान. लोक डोलायला लागले. नाव जवळ आलं. भुवई. ओचोला उठला: थांबवा! मी ओचोला, तळ्याकाठचा वारा, ज्याने शिकवलेल्या बायकांना पोलीससुद्धा वाट देतात! टाळ्या. मनगट झटकलं. सासूबाई हसल्या.

पुन्हा सुरू. मनगट तयार नव्हतं. भुवई. थांबवा! पण आता इतरांनाही चेव आला. मेहुणा ओगुतू उठला. दोन मावस सासरे उठले. एकजण आपल्या बैलाची तारीफ करून गेला. मला कळून चुकलं की आता भुवईही नको, लोकच थांबवतायत, आणि मी दर वेळी नावाच्या अलीकडेच थांबतोय. सासूबाई दर वेळी जरा पुढे सरकायच्या. डोळे मिटायच्या. मग थांबवा. मग डोळे उघडायच्या.

शेवटी कोणी उठेना. सगळे शांत. मी भुवई उडवली, तर ओचोला पुढ्यातल्या माशात गुंतलेला. नाव आलं. मी वाजवलं नाही. गायलोही नाही. तारांवर हात ठेवला आणि उभा राहिलो.

एक म्हातारे काका ओरडले, बघा! याला म्हणतात जावई! सासूच्या नावावर तारसुद्धा छेडत नाही! सगळा जमाव उभा. टाळ्या, शिट्ट्या, बायकांच्या आरोळ्यांचा जल्लोष.

आणि मी काय केलं? मी मान झुकवली. हात छातीवर ठेवला. वर म्हणालो, मी ओरेमो, ज्याच्या बोटांनाही मोठ्यांचा मान कळतो. लिहिताना कान तापतायत. त्या वेळी मात्र बरं वाटलं होतं.

टाळ्या वाजवत नव्हत्या फक्त दोघी. आपोंडी, आणि सासूबाई. सासूबाई ड्रेसची चुणी नीट करत होत्या.

२८ जुलै
परतीच्या मटाटूत आपोंडी खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर एकच वाक्य बोलली: आईने परवानगी दिली होती, ओरेमो.

१ ऑगस्ट
गिटार छातीशी धरून बघितली. अंगठा मागे. आवळलं नाही. मनगट दुखलं नाही. सहापैकी तीन तारा वाजल्या. हे जूनमध्ये केलं असतं तर. दार लावून घेतलं होतं, आपोंडीला दिसायला नको.

४ ऑगस्ट, रविवार
सकाळी सासूबाईंचा फोन. इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, जावईबापू, परवा चारचौघांत तुम्हाला संकोच वाटला, समजलं मला. आता मी एकटीच आहे. तेवढा नावाचा तुकडा वाजवाल का? गाऊ नका, नुसतं वाजवा. मी मनात म्हणेन.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण गिटार आणली, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. वाजवलं. चढ आला. तीन तारा, बाकी फट्ट.

त्या म्हणाल्या, अहो, नेमका तिथेच आवाज तुटला. परत.

परत वाजवलं. दोन तारा.

म्हणाल्या, फोनच असला मेला. नेमका नावावरच तुटतो बघा.

आता तरी सांगायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं, आई, फोन नाही, मीच. आपोंडी दारात येऊन उभी होती, तीही वाट बघत होती. आणि मी म्हणालो, हो आई, नेटवर्कच खराब आहे आज.

त्या म्हणाल्या, मग उद्या मी टेकडीवर चढून तुम्हाला फोन लावते, तिथे रेंज स्वच्छ असते. गुडघे दुखतात, पण सकाळी लवकर निघाले की हळूहळू होईल चढून. तुम्ही गिटार जवळ ठेवा.

मी म्हणालो, ठेवतो.