मढहून येणारी दर्शना

सोमवार, ९ जून

औषध लागू पडलंय. डॉ. रुचिरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं — छातीतली कॅन्सरची गाठ अर्ध्यावर आलीय. नव्या औषधाची चाचणी, आणि माझ्यावर चालतंय! बाहेर आल्यावर नवरा रडला. मला काहीच वाटलं नाही. विक्रोळीला उतरून कोथिंबीर घेतली, घरी येऊन कुकर लावला.

सोमवार, १६ जून

सलाईनला बसायच्या आधी एक बाई भेटली. दर्शना. मढची, मासे सुकवते. आजार माझाच, प्रकारही तोच, जुनं औषध तिलाही लागू पडेना. चाचणीच्या सगळ्या तपासण्यांत बसली — तरी घेतलं नाही. दर आठवड्याला रक्त द्यायला यावं लागतं. पावसाळ्यात वर्सोव्याची फेरीबोट बंद, मालाडवरून वळसा, घरी पोरं लहान. तुम्ही मध्येच सोडाल, असं सांगितलं तिला.

"सोडलं नसतं गं ताई," म्हणाली.

मंगळवार, १७ जून

तोंडाला चव नाही. दिवसभर पडून.

सोमवार, २३ जून

डॉ. रुचिरांना विचारलं, नुसतं रक्तच ना, मग मालाडच्या लॅबमध्ये का नाही घेत? सलाईनपुरतं येईल ती इथे. त्या म्हणाल्या, नियम औषध कंपनी परदेशात बसून ठरवते, तिथे पेशंट गाडी काढून येतो. इथे लांबची बाई आधीच गळते. मग औषध तिच्यासारख्यांना चालतं का, ते कधी कळतच नाही. वरच्यांना लिहिते म्हणाल्या. पण तुम्हीही बोला.

सोमवार, ७ जुलै

बोलले. स्क्रीनवर कंपनीची परदेशातली माणसं. मी मराठीत, डॉक्टर इंग्रजीत सांगत होत्या.

"मी विक्रोळीला राहते म्हणून मला औषध मिळालं. ती मढला राहते म्हणून नाही."

नवऱ्याने विचारलं, कसं झालं? झालं, म्हटलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मंजूर! रक्त मालाडलाच. दर्शनाला परत तपासलं, अजून बसते. मीच फोन केला. पलीकडे वारा, पोरांचा गलका. शेवटी विचारलं काय, तर केस जातात का. जातात, म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

सोमवार, १ सप्टेंबर

माझा स्कॅन आला. यकृतात पसरलंय. औषध चालेनासं झालं, मी चाचणीतून बाहेर. खाली आले तर दर्शना पहिल्या सलाईनला बसलेली. तिला काही सांगितलं नाही. शेजारी बसले. दुखतं का, विचारलं तिने. नाही, म्हटलं.